‘बहरी’ : एका उपनामाची व्युत्पत्ती आणि एका घराण्याचे स्थलांतर

१

पदव्युत्तर वर्गात आडनावांचा विषय निघाला म्हणजे विद्यार्थ्यांचे कुतूहल जागे होते, आणि त्याबरोबर त्यांचा अभिमानही जागा होतो. प्रत्येक घरात आपल्या आडनावाची एक कथा सांगितली जाते. पूर्वज अमुक गावाहून आले, अमुक राजाने त्यांना अमुक वतन दिले, मूळ नाव वेगळेच होते आणि पुढे ते बदलले, असा या कथांचा साचा असतो. या कथा टाकाऊ नव्हेत. परंतु कथा हे प्रमाण नव्हे, हे विद्यार्थ्याला पटवून देणे अध्यापकाला जड जाते. स्वतःच्या घराविषयी कोणाची चिकित्सा ऐकून घेण्यास माणूस सहसा तयार नसतो.

गतवर्षी अहमदनगर जिल्ह्यातून आलेल्या एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास विचारले, “निजामशहाचे मूळ आडनाव कुलकर्णी होते, हे खरे काय?” प्रश्न विचारताना त्याच्या आवाजात आव्हान होते. वर्गातील काहींना उत्तर होकारार्थी हवे होते, काहींना नकारार्थी. उत्तर काय असावे हे आधी ठरवून पुरावा मागणे हा व्युत्पत्तिशास्त्रातील पहिला दोष होय. त्या दिवशी दिलेले उत्तर त्रोटक होते. या लेखात ते सविस्तर मांडण्याचा प्रयत्न केला आहे. निजामशाही घराण्याने पिढ्यानुपिढ्या धारण केलेले ‘बहरी’ हे उपनाम हा या लेखाचा विषय होय.

२

प्रथम इतिहासाची ज्ञात चौकट मांडू. अहमदनगर शहराची स्थापना १४९४ साली सीना नदीच्या काठी, भिंगारनजीक मलिक अहमद याने केली. त्याआधी तो जुन्नर येथे बहमनी राज्याचा सुभेदार होता. १४९० च्या मे महिन्यात बहमनी सैन्याचा पराभव करून तो स्वतंत्र झाला, आणि त्याच्या वंशाने १६३६ पर्यंत, शेवटी नाममात्र का होईना, राज्य केले. या अहमदाचा पिता मलिक हसन हा बहमनी दरबारातील थोर अमीर होता. ‘निजाम-उल-मुल्क’ हा त्याचा किताब. त्यावरून ‘निजामशाही’ हे राज्याचे नाव सिद्ध झाले. तेलंगणातील कारभार त्याच्याकडे होता. १४८१ साली महमूद गावान याचा वध झाला, त्या कटात त्याचा हात होता. पुढे तो ‘मलिक नायब’ होऊन राज्याचा सूत्रधार बनला आणि १४८६ मध्ये बिदर येथे मारला गेला.

त्याच्या नावाचे तीन घटक दिसतात. ‘हसन’ हे व्यक्तिनाम, ‘निजाम-उल-मुल्क’ हा किताब, आणि ‘बहरी’ हे उपनाम. किताब राजा देतो. व्यक्तिनाम धर्मान्तरप्रसंगी मिळाले. उपनाम कोणी दिले, आणि कशावरून? या एका शब्दात घराण्याचा पूर्वेतिहास साठलेला असण्याचा संभव आहे. कारण दिलेली नावे बदलतात, पण लोकांच्या तोंडी बसलेले उपनाम चिवट असते.

३

या उपनामाविषयी मुख्य साक्षीदार फरिश्ता हा होय. त्याचा जन्म अस्तराबादेचा. बालपणीच तो पित्याबरोबर अहमदनगरास आला. मूर्तझा निजामशहाच्या पदरी त्याने सेवा केली, आणि १५८९ साली तो विजापुरास गेला. तेथे इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने आपला इतिहास लिहिला. तो सांगतो तो वृत्तान्त थोडक्यात असा.

निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण असून तेथील कुलकर्णाचे वतन त्यांच्याकडे होते. काही कारणाने ते घर पाथरी सोडून विजयनगरच्या मुलखात गेले. तेथे भैरू अथवा बहिरू या गृहस्थाचा मुलगा तिमाप्पा हा अहमदशाह बहमनीच्या सैन्याच्या हाती सापडला. त्यास मुसलमान करून ‘हसन’ हे नाव देण्यात आले. मुलगा बुद्धिमान होता, म्हणून राजपुत्र महंमदाचा सोबती म्हणून तो फारशी व अरबी शिकला. पित्याच्या नावावरून त्यास ‘हसन भैरू’ म्हणत. राजपुत्रास तो शब्द नीट उच्चारता येईना, तो ‘बहरी’ म्हणू लागला, आणि तेच नाव रूढ झाले.

दुसरी उपपत्ती अगदी निराळी आहे. अरबीत ‘बह्र’ म्हणजे समुद्र. ‘बहरी’ म्हणजे समुद्राचा. फारशीत आणि पुढे हिंदुस्थानी भाषांत हा शब्द शिकारी ससाण्याच्या एका जातीस लावला जातो. मराठीत आपण ज्याला ‘बहिरी ससाणा’ म्हणतो तो हाच. हसनाकडे शाही ससाण्यांची व्यवस्था होती, म्हणून तो ‘बहरी’, असे या उपपत्तीचे म्हणणे.

तिसरे मत उपनामाविषयी नसून वंशाविषयी आहे. अली तबातबाई याचा ‘बुऱ्हान-ए-मआसिर’ हा ग्रंथ दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाच्या (१५९१ ते १५९५) आश्रयाने लिहिला गेला. त्यात मलिक अहमद हा हसनाचा औरस पुत्र नसून बहमनी सुलतानाचाच पुत्र होता, असे प्रतिपादन आहे. म्हणजे पाथरीचा संबंधच उडाला.

४

आता भाषेची साक्ष काढू. पहिला प्रश्न असा, की ‘भैरव’ या शब्दापासून ‘बहिरू’ असे रूप मराठीत नियमाने होते काय?

संस्कृत ‘भैरव’ यातील ‘ऐ’चे प्राकृतात ‘अइ’ होऊन ‘भइरव’ असे रूप मिळते. यानंतर आद्य ‘भ’मधील महाप्राण सुटा होऊन पुढे सरकतो आणि दोन स्वरांच्या मध्ये ‘ह’ म्हणून उभा राहतो : भइरव, बहिरव. ही प्रक्रिया अपवादात्मक नाही. आपल्या रोजच्या वापरातील ‘बहीण’ हा शब्द याच वाटेने आला आहे. ‘भगिनी’तील ‘ग’ लोपून ‘भइणी’ झाले आणि महाप्राण सरकून ‘बहिणी’ झाले. हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘भगिनी’चा आदेश म्हणून ‘बहिणी’ हे रूप नोंदविले आहे. तेव्हा ‘भगिनी : बहीण’ आणि ‘भैरव : बहिरव’ या दोन जोड्या एकाच नियमाची उदाहरणे होत.

अन्त्य ‘व’चा विचारही असाच सरळ आहे. ‘केशव’चे ‘केसो’, ‘राघव’चे ‘राघो’, तसे ‘भैरव’चे ‘भैरो’ व ‘बहिरो’. ‘विठू’, ‘खंडू’ यांप्रमाणे घरगुती रूप ‘भैरू’ व ‘बहिरू’. ही रूपे कल्पित नाहीत. शिवकालातील बहिर्जी नाईक सर्वांस परिचित आहेत. मोरोपंत पिंगळे यांचे पुत्र बहिरोपंत हे शाहू छत्रपतींचे पेशवे होते. १७१३ साली कान्होजी आंग्र्यांनी त्यांस कैद केले, आणि त्यानंतर बाळाजी विश्वनाथ यांस ते पद मिळाले. म्हणजे ‘बहिरो’ हे नाव ब्राह्मण घरातही स्वाभाविक होते. ग्रामदैवत म्हणून ‘बहिरोबा’ देशावर ठिकठिकाणी आहे. कोकणात व घाटमाथ्यावर ‘भैरी’ व ‘बहिरी’ ही ईकारान्त रूपेही चालतात. कर्जतकडील ढाकचा ‘बहिरी’ गिर्यारोहकांस ठाऊक आहे. खुद्द अहमदनगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात शिरपुंज्याचा भैरवगड आहे, आणि ‘बहिरवाडी’ हे ग्रामनामही जिल्ह्यात आढळते.

तेव्हा पित्याचे नाव बहिरू असणे मराठीच्या दृष्टीने सर्वथा निर्दोष आहे. येथे एक सावधगिरी मात्र हवी. ‘बहिरा’, म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो, हा शब्द संस्कृत ‘बधिर’वरून आला असून त्याचा या कुळाशी काही संबंध नाही. ‘बहिरोबा ऐकत नाही, म्हणून त्याच्यापुढे मोठ्याने गाऱ्हाणे घालावे’ यांसारखी समजूत ही ध्वनिसाम्यावर उभी राहिलेली लोकव्युत्पत्ती होय.

५

दुसरा प्रश्न, ‘बहिरू’चे ‘बहरी’ कसे झाले?

राजपुत्राला उच्चार साधला नाही, हे फरिश्त्याचे स्पष्टीकरण अर्धेच पुरते. फारशीत ‘भ’ हा महाप्राण वर्ण नाही; तेव्हा ‘भैरू’तील ‘भ’ फारशी जिभेवर ‘बह’ असा फुटणे समजण्यासारखे आहे. परंतु अन्त्य ‘ऊ’चे ‘ई’ होण्यास उच्चाराची कोणतीही अडचण कारण नाही. फारशीत ऊकारान्त शब्द विपुल आहेत. ज्याला ‘बहरी’ म्हणता येते त्याला ‘बहरू’ही म्हणता येते. मग ‘ई’ कोठून आली?

लिपीकडे पाहू. फारशी लिपीत ऱ्हस्व स्वर सामान्यतः लिहीत नाहीत. ‘बहरी’ हा शब्द बे, हे, रे, ये या चार अक्षरांनी लिहिला जातो. तो ‘बहिरी’ असाही वाचता येईल. ‘बहिरू’ लिहावयाचे तर शेवटी ‘ये’च्या जागी ‘वाव’ येईल. दोहोंत भेद केवळ अखेरच्या अक्षराचा. शिवाय फारशी ग्रंथांत या उपनामातील ‘ह’ हा समुद्रवाचक ‘बह्र’ शब्दातील ‘बडी हे’ने लिहिलेला असतो. देशी शब्दातील ‘ह’ लिहिताना लेखनिक बहुधा ‘छोटी हे’ योजतो. यावरून लेखनिकांनी या उपनामाचा अर्थ ‘समुद्राचा’ अथवा ‘ससाणा’ असा घेतला, एवढे निश्चित होते. मात्र लेखनिकाला शब्द कसा समजला हे लेखनावरून कळते. शब्द कोठून आला हे कळत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते वरील दोन उपपत्ती परस्परविरोधी नाहीत. परभाषेतील अपरिचित शब्द कानी पडला म्हणजे ऐकणारा त्यास आपल्या भाषेतील परिचित शब्दाकडे ओढतो. ‘बहिरू’ हे नाव फारशी बोलणाऱ्या दरबारात निरर्थक होते. ‘बहरी’ मात्र सार्थ होते, आणि शूर, तीक्ष्णदृष्टी अमीरास शोभणारेही होते. पित्याच्या नावाने द्रव्य पुरविले, ससाण्याच्या नावाने आकार दिला. शब्दाचा ‘ई’कार हा उच्चारदोषाचा नव्हे, अर्थाच्या ओढीचा परिणाम होय. मराठी व कोकणात ‘बहिरी’ हे दैवतनाम आधीच ईकारान्त असल्याने ही ओढ अधिकच सुकर झाली असावी.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अरबी-फारशी ‘बहरी’ मराठीत आला तो ‘बहिरी’ होऊन; मध्ये ‘इ’ शिरली. म्हणजे मराठी भाषकाच्या तोंडी पक्षिवाचक ‘बहिरी’ व देववाचक ‘बहिरी’ हे दोन शब्द एकरूप झाले. ही एकरूपता केवळ फारशी जाणणाऱ्यास दिसणार नाही, आणि केवळ मराठी जाणणाऱ्यास तिचे महत्त्व कळणार नाही. दोन्ही भाषा एकाच अंगणात नांदतात तेथेच असे उपनाम जन्मास येते. पंधराव्या शतकातील बिदर हे असे अंगण होते. या दृष्टीने ‘बहरी’ हा शब्द ना शुद्ध मराठी, ना शुद्ध फारशी. तो दख्खनचा शब्द आहे.

६

घराण्याच्या स्थलांतराविषयी मुलाचे मूळ नाव काही सांगते काय? ‘तिमाप्पा’ या नावाकडे अभ्यासकांचे लक्ष जावे तितके जात नाही. ‘तिम्म’ हे ‘तिरुमल’चे संक्षिप्त रूप असून ते तिरुपतीच्या देवाचे नाव, ‘अप्प’ हा कानडीतील पितृवाचक, आदरार्थी शब्द. ‘तिम्मप्प’ हे कानडी मुलखातील सर्वपरिचित नाव आहे. पित्याचे नाव गोदावरीकाठच्या मराठी घरात शोभणारे, पुत्राचे नाव तुंगभद्रेकाठच्या कानडी घरात शोभणारे. घर पाथरीहून विजयनगरकडे गेले, या फरिश्त्याच्या कथनाशी हे तंतोतंत जुळते. आणि फारशीत लिहिणाऱ्या ग्रंथकाराने एवढ्या सूक्ष्म भेदाची योजना मुद्दाम केली असेल, असे संभवत नाही. दक्षिण महाराष्ट्रातही ‘अप्पा’न्त नावे आढळतात, म्हणून हा पुरावा निर्णायक नव्हे, पण तो पूरक खचित आहे.

पिढ्यांची नावे ओळीने मांडली तर प्रवास स्पष्ट होतो. बहिरू मराठी, तिमाप्पा कानडी, तोच पुढे हसन, आणि त्याचा पुत्र अहमद, नातू बुऱ्हाण, ही सर्व अरबी. पाथरी, विजयनगरचा मुलूख, बिदर, तेलंगण, जुन्नर आणि शेवटी सीनाकाठ. नकाशावर पाहिले तर पाथरी आणि अहमदनगर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. सरळ अंतर सुमारे १८० किलोमीटर. हे अंतर ओलांडण्यास या घराण्याला साऱ्या दख्खनची प्रदक्षिणा करावी लागली. भाषा बदलली, धर्म बदलला, व्यक्तिनामांची परंपरा तुटली. पित्याच्या नावाचा एक रूपांतरित अंश तेवढा उपनामात टिकून राहिला.

७

आता फरिश्त्याच्या साक्षीची किंमत ठरविली पाहिजे. त्याच्याविरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे. बहमनी घराण्याचा संस्थापक हसन याचे नाव त्याच्या ब्राह्मण स्वामी गंगू याच्यावरून पडले आणि ‘बहमनी’ हा शब्द ‘ब्राह्मण’वरून आला, ही कथाही फरिश्त्यानेच प्रसृत केली. ती आज इतिहासकारांस मान्य नाही. इसामीने त्या संस्थापकाच्या हयातीतच, १३५० च्या सुमारास, आपला ग्रंथ लिहिला; त्यावरून व शिलालेखांवरून ‘बहमन’ हे इराणी वीराचे नाव मूलभूत ठरते. ज्या ग्रंथकाराने एकदा नावाच्या ध्वनीवरून ब्राह्मणाची कथा स्वीकारली, त्याने दुसऱ्यांदाही तसेच केले नसेल कशावरून?

आक्षेप योग्य आहे. परंतु दोन्ही प्रकरणे सारखी नाहीत. बहमनी संस्थापक फरिश्त्याच्या आधी सुमारे अडीच शतके होऊन गेला, आणि समकालीन पुरावा कथेच्या विरुद्ध आहे. निजामशाही दरबारात मात्र फरिश्ता स्वतः वावरला होता. शिवाय येथे एक राजकीय घटना साक्षीस आहे. पाथरी हे वऱ्हाडच्या इमादशाहीत होते. बुऱ्हाण निजामशहाने ते मागितले, मोबदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. नकार येताच १५१८ साली त्यावर स्वारी करून ते घेतले. पुढे ते हातचे गेले, तेव्हा १५२७ मध्ये पुन्हा घेतले. आपल्या पूर्वजांचे गाव म्हणून ही मागणी होती, आणि ते गाव आपल्या ब्राह्मण नातलगांस त्याने इनाम दिले, असे फरिश्ता सांगतो. सीमेवरचे ठाणे म्हणूनही पाथरीचे मोल असणार, हे मान्य केले पाहिजे. तरीही एका ठाण्यासाठी मोबदल्याचा मुलूख देऊ करणे आणि दोनदा युद्ध करणे, ही वागणूक पाथरीशी काही विशेष नाते असल्याचे सूचित करते.

‘बुऱ्हान-ए-मआसिर’चे मत त्याच्या हेतूवरून उलगडते. आश्रयदात्या राजास बहमनी रक्ताचा वारस ठरविणे हे दरबारी इतिहासकाराचे प्रयोजन असू शकते. राजाचा पूर्वज युद्धात धरून आणलेला मुलगा होता, असे लिहून बक्षीस मिळत नाही. वंशकथांच्या बाबतीत एक ठोकताळा उपयोगी पडतो : प्रतिष्ठा वाढविणारी कथा अधिक पुरावा मागते, आणि जिचा कोणाला फायदा नाही ती कथा थोड्या पुराव्यावरही ऐकण्याजोगी असते.

८

निष्कर्ष असे. ‘बहरी’ हे या घराण्याचे उपनाम होते, हे निश्चित. ते ‘बहिरू’ या पितृनामावरून आले हे संभाव्य असून मराठीचे ध्वनिनियम त्यास अनुकूल आहेत. त्याचे अंतिम रूप ससाणावाचक शब्दाच्या ओढीने घडले, असे मानल्यास दोन्ही उपपत्तींचा मेळ बसतो. पाथरीच्या मूलस्थानास फरिश्त्याची साक्ष, ‘तिमाप्पा’ या नावाची साक्ष आणि पाथरीच्या युद्धाची साक्ष, अशा तीन बाजूंनी आधार मिळतो.

आणि त्या विद्यार्थ्याचा प्रश्न? ‘कुलकर्णी हे निजामशहाचे आडनाव होते काय’ या प्रश्नाची मांडणीच काळाशी विसंगत आहे. पंधराव्या शतकात कुलकर्ण हे वतन होते. पिढ्यान्‌पिढ्या सर्वांनी लावावयाचे स्थिर आडनाव ही कल्पना तेव्हा सार्वत्रिक नव्हती. वतन सुटले की ते पदही सुटले. आजच्या कुलकर्ण्यांनी त्यावरून नाते जोडू नये, आणि कोणी कोणास त्यावरून हिणवूही नये. बहिरूचा मुलगा आपण होऊन घर सोडून गेला नव्हता. सैन्याने त्यास धरून नेले होते. त्याच्या उपनामात अभिमान वा अपमान शोधण्यापेक्षा, बापाचे नाव त्या मुलाबरोबर दरबारापर्यंत टिकून राहिले, ही गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे.

२०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली याच जिल्ह्यातील चौंडी येथे शिंद्यांच्या घरी झाला. सासरचे होळकर हे आडनाव नीरेकाठच्या होळ गावावरून आलेले. ‘कर’ प्रत्ययान्त आडनाव गावाबाहेर पडल्यावरच अर्थपूर्ण होते. होळात राहणाऱ्यास होळकर म्हणण्याचे प्रयोजन नसते. म्हणजे जुन्या नावामागे पाथरीहून निघालेले एक घर आहे आणि नव्या नावामागे होळहून निघालेले दुसरे. एकाने पित्याचे नाव बरोबर नेले, दुसऱ्याने गावाचे. आपल्या वह्यांत आडनावे उतरून घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक नावापुढे हा एक प्रश्न जरूर लिहावा : हे नाव माणसाला घरी मिळाले, की घर सोडल्यावर?